मोठ्या कॉल सेंटरसाठी वायरलेस हेडसेट: डेक्ट की ब्लूटूथ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉल सेंटरच्या एकाच हॉलमध्ये गर्दीच्या वेळी साधारण ११० जण एकदम कॉलवर असतात. सगळे सॉफ्टफोनवर, म्हणजे कॉल संगणकातूनच, टेबलावर वेगळा फोन नाही. आजवर वायरवाले हेडसेट वापरले. खुर्ची मागे सरकली की वायर चाकाखाली येते, सुपरवायझरकडे जायचं तर हेडसेट काढून ठेवावा लागतो, म्हणून आता वायरलेस घ्यायचं वरून ठरलंय. खरेदीचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि ज्याला विचारावं तो आपलाच माल पुढे करतो.

नमुना म्हणून काही ब्लूटूथ सेट आणले. एका कोपऱ्यात चार-पाच जणांना दिले तेव्हा आवाज झकास. तेच पूर्ण रांगेला दिल्यावर भर गर्दीत शब्द गिळले जाऊ लागले. एजंट खाते क्रमांक वाचून दाखवतो आणि मधले दोन आकडे ग्राहकापर्यंत पोचतच नाहीत. मग पुन्हा सांगा, पुन्हा विचारा, एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) वाढतो आणि बोलणी मला. विक्रेता म्हणतो, "रेंज तीस मीटर आहे, अडचण यायलाच नको." अहो, एजंट संगणकाला लावलेल्या डोंगलपासून हातभर अंतरावर बसलाय, तीस मीटर काय करू?

डेक्ट (घरच्या कॉर्डलेस फोनमधलं वायरलेस तंत्र) घेतलं तर हे सुटेल का? नऊ तासांच्या पाळीत बॅटरी पुरते का? आणि शेजारच्या एजंटचं बोलणं ग्राहकाला ऐकू जातं, त्यावर 'नॉइज कॅन्सलिंग' लिहिलेला कुठलाही सेट चालेल का? जाणकारांनी सांगावं.

---

लहरी_माणूस

तुमचा प्रश्न रेंजचा नाही, दाटीचा आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. तिथे १ मेगाहर्ट्झचे ७९ चॅनेल असतात आणि प्रत्येक हेडसेट-डोंगल जोडी सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलते. थोड्या जोड्या असतील तर छान जमतं. पण त्याच पट्ट्यात वाय-फायही आहे, आणि त्याचा एकेक चॅनेल २० मेगाहर्ट्झ अडवून बसतो. उरलेल्या जागेत शंभरावर हेडसेट उड्या मारणार म्हणजे टक्कर ठरलेलीच. टक्कर झाली की तेवढा आवाज गेला.

डेक्टला स्वतःचा पट्टा आहे: युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०. युरोपच्या पट्ट्यात १० वाहक लहरी (म्हणजे चॅनेल), प्रत्येकीवर १२ संभाषणं, म्हणजे कागदावर १२०. अमेरिकेत वाहक ५च, म्हणून ६०. आता मेख ऐका. वाइडबँड (जास्त स्पष्ट, भरीव) आवाज लावला की एका कॉलला दुप्पट जागा लागते आणि हे आकडे निम्म्यावर येतात. म्हणजे तुमच्या ११० जणांना वाइडबँडवर डेक्टही पुरणार नाही, सगळे एकमेकांच्या टप्प्यात असतील तर. म्हणून बेसची (हेडसेट ज्याच्याशी जोडला जातो त्या टेबलावरच्या भागाची) शक्ती कमी करता येते का, हे आधी विचारा. रेंज मुद्दाम आखडली की हॉलच्या दुसऱ्या टोकाला तीच जागा पुन्हा वापरता येते. कॉल सेंटरात कमी रेंज हा गुण आहे, माहितीपत्रकं मात्र नेमकी उलटी जाहिरात करतात.

आणि तुमच्या देशात कुठला पट्टा चालतो ते पाहूनच मागवा. दुसऱ्या देशासाठी बनवलेला सेट स्वस्तात मिळाला तरी नको.

---

धागादोरा

तोवर एक फुकटचा उपाय. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात असेल आणि शेजारी हार्ड डिस्क किंवा डॉक असेल, तर त्या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्येच येतो. छोटी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणा. संगणक लॅन केबलवर न्या, नाहीतर निदान वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा.

---

रात्रपाळी

मी एजंट आहे, कानाच्या बाजूने सांगते. एएनसीचा (कानातल्या नॉइज कॅन्सलिंगचा) उपयोग मला, ग्राहकाला नाही. बाहेरचा गलका माझ्या कानात कमी येतो, एवढंच. शेजारचीचं बोलणं ग्राहकाला जाऊ नये म्हणून माइकच तसा लागतो, दांडीवाला, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर. कानाशीच माइक असलेले देखणे सेट गर्दीच्या हॉलमध्ये कुचकामी.

साइडटोनही बघा, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात थोडा यायला हवा. तो नसला की माणूस नकळत ओरडून बोलतो. एक ओरडला की शेजारचा ओरडतो, मग अख्खा हॉल.

बॅटरीचं म्हणाल तर पत्रकावरचे तास नव्या बॅटरीचे असतात. शिवाय एकच सेट पुढच्या पाळीला द्यायचा असेल तर तो चार्ज कधी करणार? काढता येणारी जादा बॅटरी असलेला घ्या किंवा प्रत्येकाला स्वतःचा द्या. कानाच्या गाद्या तरी ज्याच्या त्याच्याच हव्यात, दुसऱ्याच्या घामाची गादी कानाला लावणं नको वाटतं.

---

लहरी_माणूस

मुळात सगळ्यांना वायरलेस कशाला? जे दिवसभर जागेवरून हलत नाहीत त्यांना क्यूडी (क्विक डिस्कनेक्ट, वायरीत मधेच सुटणाऱ्या) कनेक्टरचा वायरवाला सेटच बरा. उठायचं तर कनेक्टर सोडवायचा, हेडसेट डोक्यावरच राहतो. सुपरवायझर आणि नव्या एजंटांसोबत फिरणारे प्रशिक्षक यांना डेक्ट द्या. दाटीही आपोआप कमी होईल.

---

(धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एक्स्टेंशन वायर लावून पाहिली. भिंतीकडच्या टेबलांवर कुरकुर थांबली, मधल्या रांगेत मात्र अजून आहेच. क्यूडीचं वर सुचवलं, "बघू" म्हणाले. डेक्टवाल्यांकडे पूर्ण रांगेसाठी नमुने मागितले तर ते दोनच सेट देतो म्हणतात. चालेल का?

---

लहरी_माणूस

दोन सेटवर काहीच कळणार नाही, दोन तर ब्लूटूथचेही झकास चालतात. पूर्ण रांगेचे नमुने देत नसतील तर ऑर्डरवर लिहून घ्या: इतके सेट, याच हॉलमध्ये, वाइडबँड चालू ठेवून, सगळे एकदम कॉलवर. आवाज तुटला तर माल परत. लिहून द्यायला का-कू केली तर दुसरा विक्रेता बघा.