मध्ययुगीन फारसी वैद्यकग्रंथ: काय वाचावं, कुठे पाहावं?

औदुंबर:
लोकहो, आयुर्वेदाचा इतिहास वाचता वाचता इराणात शिरलोय. फारसीतली वैद्यकाची जुनी हस्तलिखितं आणि त्यांना पोसणारे सुलतान-वजीर यांच्याबद्दल वाचायचं आहे. फारसी येत नाही, इंग्रजी चालेल. मूळ पानं ऑनलाइन दिसली तर दुधात साखर. राजेलोक या ग्रंथांवर पैसा का घालत, ते मुख्यतः हवंय.

रिकामटेकडी:
जुर्जानीपासून सुरू करा. इब्न सीनाचा प्रसिद्ध वैद्यकग्रंथ 'कानून' अरबीत आहे, तो नंतर. वैद्य इस्माईल जुर्जानी १११० साली ख्वारझमला (अरल समुद्राच्या दक्षिणेचा प्रदेश) कुत्बुद्दीन मुहम्मद ख्वारझमशहाच्या पदरी आला आणि तिथे 'झखीरा-ए-ख्वारझमशाही' लिहिला. फारसीतला पहिला मोठा वैद्यककोश, आणि आश्रयदाता थेट शीर्षकात! पुढे शहाचा मुलगा अत्सिझ याच्यासाठी त्याने आटोपशीर 'खुफ्फी-ए-अलाई' केला. दोन लांबट, अरुंद भाग, प्रवासात बुटांत खोचता येतील असे. गिऱ्हाईक ओळखणं म्हणतात ते हे.
वाचायला फारसीचे इंग्रज अभ्यासक ई. जी. ब्राउन यांची 'अरेबियन मेडिसिन' ही व्याख्यानं घ्या. नावावर जाऊ नका, आत इराण भरपूर आहे. जुनं पुस्तक, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतं.

दप्तरदार:
पानं बघायची तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या साइटवर 'तश्रीह-ए-मन्सूरी' उघडा. शिराझच्या मन्सूर इब्न इल्यासचा शरीररचनेचा ग्रंथ, चौदाव्या शतकाच्या अखेरचा. त्यांच्याकडची प्रत १४८८ ची, इस्फहानात नकललेली. गुडघे फाकवून बसलेली ती माणसं एकदा पाहिलीत की विसरणार नाही. हाडं, मज्जातंतू, स्नायू, शिरा, धमन्या प्रत्येकाचं चित्र वेगळं, शिवाय एक गर्भवती.
आता आश्रयाचं. या मन्सूरने आधीचा ग्रंथ शिराझवर राज्य करणाऱ्या मुझफ्फरी घराण्याचा सुलतान झैनुल आबिदीन याला अर्पण केला होता. तैमूरने मुझफ्फरी घराणं १३९३ मध्ये संपवलं. 'तश्रीह' कोणाला अर्पण आहे? तैमूरचा नातू पीर मुहम्मद याला. सत्ता बदलली, प्रस्तावना बदलली, वैद्य शिराझमध्येच.

गप्पीदास:
एवढं गंभीर कशाला? निजामी अरूझीचा 'चहार मकाला' वाचा. बाराव्या शतकातला, चौथं प्रकरण सगळं वैद्यांचं. प्रसिद्ध वैद्य राझी अमू दर्या नदी ओलांडायला तयार होईना म्हणून हातपाय बांधून नावेत घातला. मग त्याने बुखाऱ्याचा अमीर मन्सूर बिन नूह याला गरम हमामात (स्नानगृहात) बसवून अशा शिव्या घातल्या, की लुळा अमीर संतापाने उठून उभा राहिला. राझी घोड्यावरून पसार! इंग्रजी भाषांतर ब्राउनचंच.

दप्तरदार:
@गप्पीदास, किस्सा फर्मास, पण राझी वारला ९२५ च्या आसपास आणि हा मन्सूर गादीवर आला ९६१ मध्ये. राझीचा 'किताब अल-मन्सूरी' ज्याच्यासाठी होता तो मन्सूर बिन इस्हाक, रयचा (आजच्या तेहरानजवळचं शहर) सुभेदार. तरी पुस्तक वाचाच. दरबारी वैद्याकडून लोक काय काय अपेक्षा करत, ते त्यात झकास दिसतं.

रिकामटेकडी:
पैशाच्या प्रश्नावर रशीदुद्दीन बघा. स्वतः वैद्य, इराणवर राज्य करणाऱ्या इल्खानी मंगोलांचा वजीर. तबरीझजवळ त्याने रबअ-ए-रशीदी ही वसाहत वक्फ करून उभी केली, तिच्यात रुग्णालयही होतं. चिनी वैद्यकाचा फारसी ग्रंथ 'तन्सूकनामा' त्याच्याच देखरेखीखाली झाला, १३१३ ची प्रत इस्तंबूलला आहे. शेवट वाईट. सुलतान उल्जायतूवर विषप्रयोग केल्याचा आळ घेऊन १३१८ मध्ये त्याला मारलं आणि वसाहत लुटली. आश्रय देणाराही कोणाच्या तरी मर्जीवर असे.

दख्खनी:
औदुंबर, तुमच्या आयुर्वेदाला जोडणारा धागा हवा तर फिरिश्ता. तोच, इतिहासकार. अहमदनगरहून विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्याकडे गेलेला. त्याने आयुर्वेदावर फारसीत 'दस्तूर अल-अतिब्बा' लिहिला. त्याआधी १५१२ मध्ये दिल्लीचा सुलतान सिकंदर लोदी याच्यासाठी 'मादन अल-शिफा' झाला, तोही संस्कृत ग्रंथांच्या आधारे.

औदुंबर:
मंडळी, मान गये! फिरिश्ता वैद्यकावर लिहितो हे माहीतच नव्हतं. आधी 'तश्रीह'ची चित्रं बघतो, मग ब्राउन. त्या साइटवर नुसती चित्रंच आहेत की माहितीही?

दप्तरदार:
माहिती भरपूर. कॅटलॉगमधली नोंद चित्रांआधी वाचा. कागद, शाई, नकलनवीस, मालकांचे शिक्के सगळं असतं. राजाचं नाव प्रस्तावनेत सापडेल, पण ती प्रत पुढे कोणाकोणाच्या हातून फिरली ते बघायचं तर शिक्के बघा.