मदत हवी आहे: पॉलिलाइनच्या सगळ्या कोपऱ्यांचे कोऑर्डिनेट एक्सेलमध्ये कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

सिन्नरजवळच्या एका बिनशेती लेआउटचं ड्रॉइंग माझ्याकडे आहे. मी ड्राफ्टिंग करते, जागेवर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) घेऊन जाणारे वेगळे आहेत. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्लॉट एका बंद पॉलिलाइनने (सलग जोडलेल्या रेषांनी) काढलाय, सगळे एकाच लेअरवर. मोजणी डीजीपीएसने (उपग्रहांवरून अचूक) झाली, त्यामुळे ड्रॉइंग यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून केलेली मीटरमधली नकाशा पद्धत) झोन ४३ मध्ये आहे. हद्दीचे दगड रोवायला आता कोपऱ्यांची यादी हवी: पॉइंट नंबर, ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा), नॉर्दिंग (उत्तरेकडचा आकडा) आणि प्लॉट नंबर.

आयडी कमांडने एकेक कोपरा टिपत बसणं एवढ्या प्लॉटांना शक्य नाही. लिस्ट कमांड दिली की एफ-२ च्या खिडकीत सगळे बिंदू दिसतात, पण तिथून उचलून एक्सेलमध्ये नीट रकाने पाडणं फार किचकट आहे. डेटाएक्स्ट्रॅक्शनमध्ये पॉलिलाइनची लांबी मिळते, क्षेत्रफळ मिळतं, कोपरे मात्र मिळत नाहीत.

शेवटी नेटवरचं एक तयार लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) चालवलं. त्याने सीएसव्ही फाइल दिली, पण त्यात आकडे चार लाख, एकवीस लाख असे आहेत आणि त्याच पॉलिलाइनला लिस्ट दिली तर दोनशे-तीनशेच्या घरातले. कोणते खरे धरायचे?

शिवाय शेजारच्या दोन प्लॉटांचा सामाईक कोपरा यादीत दोनदा येतो, चार प्लॉट भिडतात तिथे चारदा. रस्त्याच्या वळणावर प्लॉटचे कोपरे ३ मीटर त्रिज्येने गोल केलेत, तिथे फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू मिळतो.

दगड एकदा रोवला की लोक त्यावरून कुंपण घालतात, घर बांधतात. म्हणून हाताने टाइप केलेला एकही आकडा मला यादीत नको आहे. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद १

ताई, लिस्पचे आकडे खरे. कुणीतरी शीटवर रस्ता आडवा दिसावा म्हणून यूसीएस (आपण ठरवलेली एक्स-वाय अक्षांची मांडणी) फिरवून ठेवलाय आणि त्याचा ओरिजिन प्लॉटजवळ आणलाय. लिस्ट आणि आयडी दोन्ही चालू यूसीएसप्रमाणे आकडे दाखवतात. लिस्प ड्रॉइंगमध्ये साठवलेले मूळ आकडे वाचतं. यूसीएस कमांड देऊन वर्ल्ड (मूळ मांडणी) निवडा आणि पुन्हा लिस्ट द्या, दोन्ही जुळतील. तरीही फरक राहिला तर मात्र पुढे जाऊ नका, आधी कारण शोधा.

लिस्प जमत नसेल तर एक साधी वाट आहे. ड्रॉइंगची प्रत करा, त्या प्रतीत पॉलिलाइन एक्स्प्लोड करा आणि मग डेटाएक्स्ट्रॅक्शन चालवा. सुट्या रेषांचे स्टार्ट एक्स, स्टार्ट वाय, एंड एक्स, एंड वाय हे रकाने मिळतात. पण कोणती रेषा कोणत्या प्लॉटची हे त्यात हरवतं. तुम्हाला प्लॉट नंबर हवाय, तेव्हा लिस्पच बरं.

प्रतिसाद २

लिस्पमध्ये काय चालतं ते कळलं तर भीती जाईल. साध्या पॉलिलाइनची माहिती ग्रुप कोडच्या यादीत असते. प्रत्येक कोपरा कोड १० खाली, पॉलिलाइनची उंची कोड ३८ खाली आणि गोलाई कोड ४२ खाली. तुमचं लिस्प बहुधा फक्त कोड १० उचलतंय, म्हणून वळणं सुटली.

कोड ४२ ला बल्ज म्हणतात. कंसाचा केंद्रकोन चारने भागून त्याचा टॅन्जंट घेतला की बल्ज. सरळ रेषेला शून्य, अर्धवर्तुळाला १. तुमचं वळण ९० अंशांचं असेल तर बल्ज ०.४१४२ येईल. त्याला जीवेच्या निम्म्या लांबीने गुणलं की कंसाचा मध्य जीवेपासून किती बाहेर आहे ते निघतं. ३ मीटर त्रिज्येला जवळपास ८८ सेंटीमीटर. एवढा फरक सोडून चालणार नाही, तिथे कंसाच्या मध्याचा बिंदू यादीत घालाच. क्षेत्रफळातही तेच: फक्त टोकं सरळ जोडली तर असा प्रत्येक कोपरा २.५७ चौरस मीटर कमी भरतो.

आणखी एक. लिस्प आकडा मजकुरात बदलताना किती दशांश ठेवायचे ते त्यातच लिहावं लागतं, तीन ठेवा. ऑटोकॅडची डिमझिन ही सेटिंग ८ असेल तर शेवटची शून्यं गळतात, ते ० करून घ्या.

प्रतिसाद ३

सामाईक कोपऱ्यांबद्दल आग्रहाने सांगतो. एक्सेलमध्ये सरसकट रिमूव्ह डुप्लिकेट्स करू नका. दोन पॉलिलाइन काढताना स्नॅप (आधीचा बिंदू नेमका पकडणं) चुकला असेल तर तोच कोपरा ४ मिलिमीटरच्या फरकाने दोनदा असतो. एक्सेल त्यांना वेगळे समजतं आणि जागेवर एका कोपऱ्याला दोन नंबर जातात. लिस्पमध्ये इक्वल फंक्शनला सहनमर्यादा देता येते. १ मिलिमीटरच्या आतले बिंदू एक धरा. १ मिलिमीटर ते ५ सेंटीमीटरमधल्या जोड्यांची मात्र वेगळी यादी काढून एकेक डोळ्यांनी तपासा.

फाइल देताना रकान्यांचा क्रम टोटल स्टेशनवाल्यांना विचारून घ्या. कुणाकडे ईस्टिंग आधी लागतं, कुणाकडे नॉर्दिंग. ऑटोकॅडचा एक्स म्हणजे ईस्टिंग, वाय म्हणजे नॉर्दिंग.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. यूसीएस वर्ल्ड केल्यावर आकडे तंतोतंत जुळले. बल्जसाठी लिस्पमध्ये भर घातली, कंसांचे मध्यबिंदूही येतात. तीन नंबरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे संशयित जोड्या काढल्या तर दोन ठिकाणी खरोखरच फरक निघाला, एकीकडे जवळजवळ ३ सेंटीमीटर. यातला कोणता बिंदू घ्यायचा?

प्रतिसाद ३

ते ड्रॉइंगकडे बघून ठरवायचं नाही, ताई. मंजूर नकाशावरची मापं घ्या. दोन्ही प्लॉटांच्या बाजू आणि क्षेत्रफळ ज्या बिंदूने जुळतात तो घ्या, दोन्ही पॉलिलाइनचे कोपरे त्यावर आणा आणि यादी नव्याने काढा. त्यानंतर प्रत्येक प्लॉटचं क्षेत्रफळ मंजूर तक्त्याशी ताडून बघा.

प्रतिसाद १

यूटीएममध्ये काम आहे म्हणून एक भर. सिन्नरच्या रेखांशाला झोन ४३ ची ग्रिडवरची अंतरं जमिनीपेक्षा १०० मीटरला अडीच सेंटीमीटरहून थोडी जास्तच कमी भरतात, आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे त्यात भर पडते. टोटल स्टेशनमध्ये स्केल फॅक्टर (ग्रिडवरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांचं प्रमाण) १ च ठेवून दगड मांडले तर लांबच्या कोपऱ्यांवर फरक दिसेल आणि सगळे तुमच्या यादीवर बोट ठेवतील. यादीच्या वरच झोन आणि ‘ग्रिड कोऑर्डिनेट’ असं लिहून द्या, आणि मोजणी करणाऱ्यांनी कोणता फॅक्टर धरला होता ते काम सुरू होण्याआधी विचारून घ्या.