मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या मुलीला हा सिनेमा दाखवावा का?

नमस्कार मंडळी. लेमनी स्निकेटच्या 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' या पुस्तकमालिकेवरचा २००४ चा सिनेमा, जिम कॅरी खलनायक काउंट ओलाफ झालाय तो, मुलांसोबत कुणी पाहिला आहे का?

माझी लेक नऊ वर्षांची. शाळेच्या लायब्ररीतून पहिलं पुस्तक आणलं आणि दोन दिवसांत संपवलं. तेव्हापासून काही दुरुस्त करायला बसली की त्यातल्या तीन भावंडांपैकी थोरल्या व्हायोलेटसारखी रिबिनीने केस वर बांधते! आता सिनेमाचा हट्ट धरलाय.

अडचण अशी की दिवाळीनंतर तिचे आजोबा गेले. दोघांचं फार गूळपीठ होतं. सिनेमात सुरुवातीलाच तिन्ही भावंडांचे आईवडील आगीत जातात, पुढे प्रेमळ माँटीकाकांचा खून होतो. पुस्तकात लेखक मध्येच थांबून शब्दांचे अर्थ सांगतो, त्यामुळे भीती जरा सैल होते. पडद्यावर तसं होतं का? रुळांवर गाडीत अडकलेल्या मुलांचा प्रसंग मी एकटीने पाहिला, माझ्याच पोटात गोळा आला.

पण शेवटी आईवडिलांचं पत्र मुलांच्या हाती पडतं, तिथे मी खूप रडले. तेवढ्यासाठी तरी तिने पाहावा असं वाटतं.

सिनेमात पहिली तीन पुस्तकं एकत्र केली आहेत. आधी तिन्ही वाचू द्यावीत का? की २०१७ ची नेटफ्लिक्सची मालिका या वयाला बरी? घरात नुकतंच कुणी गेलं असताना मुलांना असं काही दाखवलेल्यांनी जरूर सांगा.