सर्वेक्षणात घेतलेले मोबाइल नंबर ॲपवाली कंपनी मागते आहे, काय करू?

सिडकोवाली:
नाशिकमध्ये अकरा वर्षं घरोघरी फिरून मार्केट रिसर्चचे फॉर्म भरते. आधी साबण-चहा असायचं, आता बहुतेक मोबाइल ॲप. गेल्या आठवड्यात एका ताईंनी दाराची साखळी काढलीच नाही. हात कणकेने भरलेले. फटीतूनच म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्हीच आला होतात ना? नाव-नंबर कुठे जाणार नाही म्हणालात. चौथ्या दिवसापासून कर्ज हवंय का म्हणून फोन. सासूबाई मलाच बोलतात."

नंबर आम्ही बॅक-चेकसाठी घेतो, म्हणजे मुलाखत खरंच झाली का हे सुपरवायझर फोन करून बघतो. पण त्या कामाची एक्सेल शेवटच्या रकान्यातल्या नंबरांसकट ॲपवाल्यांनी मागून घेतली होती. आता पुन्हा त्यांचंच काम आलंय, पुन्हा नंबरांसकट. दारात उभं राहून शब्द मी दिला होता. काय करू?

निवृत्त मास्तर:
ताई, तुमची घालमेल रास्त आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदाच्या किंवा दुःखाच्या पोस्ट आठवडाभर कमी करून पाहिल्या. कुणालाही विचारलं नाही. २०१४ मध्ये निबंध छापून आला तेव्हा खुलासा काय, तर वापराच्या अटींना लोकांनी होकार दिलाच होता! त्या अटींत 'संशोधन' हा शब्द आला मे २०१२ मध्ये, प्रयोग उरकल्यावर. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पुढे संमतीबद्दल चिंता व्यक्त करणारं टिपण काढावं लागलं. तुम्ही निदान दार वाजवून विचारता. ते विचारणं खोटं ठरू देऊ नका.

पुणे_डेटा:
दुसरी बाजू मांडतो. पैसे कंपनीने मोजलेत, माहिती तिची. नंबर दिला नाही तर काम दुसऱ्या एजन्सीला जाईल.

कोथरूडची मीनल:
पैसे उत्तरांचे मोजलेत, माणसांचे नाहीत. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेली होती. त्या प्रकरणात फेसबुकनेच सांगितलं होतं की भारतात ते ॲप ३३५ जणांनी घेतलं आणि माहिती गेली असू शकेल ५,६२,४५५ जणांची. एकाने 'हो' म्हटलं की त्याच्यामागची किती माणसं ओढली जातात बघा.

सिडकोवाली, मी एजन्सीतच आहे. आमच्याकडे नंबरांची फाइल वेगळी असते, उत्तरांच्या फाइलमध्ये फक्त फॉर्मचा अनुक्रमांक. बॅक-चेक संपला की नंबर पुसतो. क्लायंटला पहिली फाइल दिसतच नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती ठरावीक कामापुरतीच धरली आहे, आणि माहिती कशासाठी घेतोय याची सूचना मराठीत वाचायचा पर्याय द्यावा, असं त्यात आहे. हे सुपरवायझरला ईमेलवर लिहा, तोंडी नको. आणि आणखी एक, कर्जाचे फोन सुरू झालेली बाई पुढच्या वेळी उत्पन्न खरं सांगेल का? मग त्या रकान्याला काय अर्थ?

सिडकोवाली:
मीनलताई, खरंच आहे. परवा एका घरात वय विचारलं तर बाई म्हणाल्या, "काहीही लिहा." मी लिहिलं नाही, फॉर्म रद्द केला. सुपरवायझरला ईमेल आज पाठवला. दोन फाइली झाल्या तरच हे काम घेईन, नाहीतर महिनाभर चहाच्याच फॉर्मवर भागवेन. उद्या त्या ताईंकडे जाणार आहे, फॉर्म न घेता.