भिडे पूल ते राजाराम पूल : नदीकाठाने लांब पल्ला कसा बसवावा?

डेक्कनवासी
हिवाळ्यातल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करायची आहे. सध्या आठवड्यातून चारदा 5 किमी होतात, रविवारी 16 पर्यंत जायचं आहे. पुण्यात मुठेच्या डाव्या काठाने, म्हणजे डेक्कनच्या बाजूने, नदीपात्रातला रस्ता सपाट आणि सिग्नलशिवायचा आहे. पण 16 किमी नेमके कसे जुळवायचे? पाणी कुठे ठेवायचं? पावसाळ्यात हा रस्ता कधीपर्यंत भरवशाचा असतो? पहाटे साडेपाचला निघायची तयारी आहे.

म्हात्रेपूल_मध्य
सुरुवात भिडे पुलापासून करू नका. म्हात्रे पूल मधोमध धरा. तिथून पात्रातल्या रस्त्याने जोशी पूल, लकडी पूल, झेड ब्रिज असे मागे टाकत भिडे पुलापर्यंत जवळपास 2 किमी होतात. उलट दिशेला नदीकाठच्या डीपी रस्त्याने राजाराम पुलापर्यंतही साधारण तेवढेच. म्हणजे एकेका बाजूला जाऊन परत आलं की 4-4 किमीचे दोन फेरे.

5 किमी : भिडे पुलाकडचा फेरा, शिवाय डीपी रस्त्यावर अर्धा किमी जाऊन परत.
10 किमी : दोन्ही फेरे, शिवाय 1 किमी जाऊन परत.
16 किमी : दोन्ही फेरे दोनदा.

दर 4 किमीला तुम्ही म्हात्रे पुलापाशी येता. तिथे लावलेल्या गाडीत पाण्याची बाटली ठेवली की हातात काही धरायला नको. पाय कुरकुरला तर घरापासून 6 किमी लांब अडकूनही पडत नाही. फक्त पात्रातून वर येताना थोडा चढ आहे आणि पुलापाशी वाहनांचा रस्ता ओलांडावा लागतो. तिथे घड्याळ थांबवा आणि चालत ओलांडा.

घड्याळातल्या जीपीएसवर फार विसंबू नका. पुलांखाली आणि मेट्रोच्या मार्गाखाली सिग्नल तुटतो, रेघ नदीत जाते आणि वेग उगाच जास्त दिसतो. एकदा सायकलने अंतर मोजा, वळायच्या खुणा ठरवा आणि त्याच पाळा. वेगाचे तुकडे करायचे असतील तर मेट्रोचे खांब मोजून करा : चार खांब जोरात, चार सावकाश.

पहाटवारा
अंतराचा हिशेब पटला. वाहनांच्या बाबतीत एक भर घालतो. पात्रातला रस्ता दुचाकीवाल्यांचा जवळचा मार्ग आहे, त्यामुळे उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असंच धावा. मागे लाल दिवा, अंगात उजळ रंगाचा शर्ट. सातनंतर गर्दी झपाट्याने वाढते, तेव्हा 16 किमीच्या दिवशी पाचलाच निघा. आणि शेवटचा फेरा डीपी रस्त्याचा ठेवा, पात्राचा नको.

कुत्री दिसली तर वेग तोडून चाला, नजर भिडवू नका. ती पाठलाग करतात पळणाऱ्याचा.

डेक्कनवासी
उजव्या कडेने जाऊन उजव्याच कडेने परत आलं की रस्त्याचा उतार दोन्ही पायांवर सारखा वाटला जातो ना?

म्हात्रेपूल_मध्य
नाही, इथेच बरेच जण फसतात. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. जाताना उजवी कड धरली तर उजवा पाय खाली. परतताना पुन्हा आपली उजवी कड धरली तरी खाली उजवाच पाय! 16 किमी असं झालं की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागतं आणि दोष बुटांना दिला जातो. उजेड आहे, रस्ता मोकळा आहे, तेव्हा मधल्या उंचवट्यावरून धावा. वाहन दिसलं की कडेला व्हा. कडेची माती कोरडी असेल तर तीही चालेल, पण अंधारात नाही : खडे आणि खड्डे दिसत नाहीत.

खडकवासला_विसर्ग
पावसाळ्याचं कुणी नीट सांगितलं नाही, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. शहरात ऊन असलं तरी नदी चढते, कारण पाणी येतं टेमघर, वरसगाव, पानशेतच्या डोंगरांतून खडकवासला धरणात आणि तिथून मुठेत. त्यामुळे आभाळाकडे बघून ठरवू नका, विसर्गाचा, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा, आकडा बघा. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. 25 जुलै 2024 ला 35,000 क्युसेक सोडलं, तेव्हा सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. माझा नियम सरळ आहे : आकडा पाच अंकी झाला किंवा विसर्ग वाढवणार असं जाहीर झालं, की पात्रात उतरायचं नाही. भिडे पूल ठेंगणा आहे, तो आधी बुडतो, आणि लाल फीत लावलेली दिसेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

परतीच्या पावसाचा धोका वेगळा. तेव्हा धरणाचा संबंध नसतो, शहरातलेच ओढे तासाभरात फुगतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने ते दाखवलं. त्या दिवसांत संध्याकाळचं पात्रातलं धावणं बंद ठेवा.

पाणी उतरल्यावरही लगेच जाऊ नका. रस्त्यावर गाळ आणि जलपर्णी साचलेली असते. गाळ ओला असताना घसरतो आणि सुकला की धूळ होऊन छातीत जातो. रस्ता धुऊन झाला की मगच. तोवर प्रभात रोडच्या गल्ल्या आणि लॉ कॉलेज रस्ता आहे. तिथे थोडा चढउतार मिळतो, आणि हाफसाठी तो हवाच.

पहाटवारा
डिसेंबर-जानेवारीचंही लक्षात ठेवा. थंड हवा जड असते, ती पात्राच्या खोलगट भागात बसते आणि पेटवलेल्या कचऱ्याचा धूर तिथेच अडकतो. पुलावरून खाली पाहून धुराचा पट्टा दिसला तर त्या दिवशी चारही फेरे डीपी रस्त्याचे करा, अंतर तेवढंच भरतं.