अँबॅसेडर (१४८९ सीसी पेट्रोल): कोणता फ्युएल पंप बसेल?

प्रश्न: बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन, मेकॅनिकल (इंजिनवर चालणारा) पंप. डायफ्रॅम (पंपातला लवचिक पडदा) फाटलाय, इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो. दुकानदार दुसऱ्याच गाडीचा पंप देतोय, बोल्टची दोन्ही भोकं जुळतात. लावू का?

उत्तर १: नुसती भोकं जुळून भागत नाही. दोन्ही पंप शेजारी ठेवून लिव्हरची (इंजिन ज्याला हलवून पंप चालवतं तो दांडा) लांबी आणि बाक ताडून पाहा. स्ट्रोक (लिव्हरची पुढे-मागे हालचाल) पूर्ण मिळाला नाही तर चढावर पेट्रोल कमी पडतं. लिव्हरवर जास्त ताण आला तर तो मोडतो. गॅस्केटची जाडीही तीच ठेवा. ऑइल मात्र आजच बदला, पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं जातात.

उत्तर २: इलेक्ट्रिक पंप लावायचा तर २ ते ३ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाचाच घ्या. दाब जास्त झाला की कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह उचलला जातो आणि तो ओव्हरफ्लो होतो.

उत्तर ३: पंपाची बॉडी वाकलेली नसेल तर जुन्याच पंपात रिपेअर किट टाका. डायफ्रॅम पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणाराच मागा.