स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग: कपाटांना शोभणारा की आपल्याला आवडणारा?

कुंचला (धागाकर्ती):
स्वयंपाकघराचं काम संपत आलंय. कपाटांचं लॅमिनेट मधाळ लाकडी रंगाचं, ओटा काळा, त्यात करडे ठिपके, ओट्यावरच्या टाइल्स क्रीम. रंगवायची राहिली आहे ती टाइल्सच्या वरची पट्टी, खिडकीची भिंत आणि टेबलामागची एक अख्खी मोकळी भिंत. घरचे म्हणतात, पांढरा द्या आणि मोकळे व्हा. मला गडद हिरवा हवाय, जून झालेल्या पानासारखा. लाकूड, काळा आणि क्रीम हे तिन्ही इतके शांत आहेत की भिंतीलाही गप्प बसवलं तर खोलीत जीवच उरणार नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

ओटाप्रेमी:
मला नाही पटत. भिंतीचा नंबर सगळ्यात शेवटी. कपाटं, ओटा, टाइल्स एकदा बसल्या की वर्षानुवर्षं हलत नाहीत. मग रंग त्यांच्याकडे बघूनच ठरवायला हवा. मधाळ लाकडात नारिंगी झाक असते आणि गडद हिरव्याशेजारी ती आणखी तांबूस दिसते. शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३९ साली हे सविस्तर मांडलं होतं. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात भित्तिपट विणले जायचे, तिथे तक्रार होती की काळ्या धाग्याला दम नाही. शेवरलनं तपासलं तर रंगाईत खोट नव्हती; शेजारच्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. तुमच्या कपाटांचंही तेच होईल आणि दोष लॅमिनेटवर जाईल.

कुंचला:
लाकूड तांबूस, ऊबदार दिसावं असंच मला वाटत असेल तर? आणि भिंत सहज बदलता येते, हा मुद्दा खरं तर माझ्या बाजूचा आहे. जिथली चूक पुन्हा दोन हात मारून सुधारता येते, तिथे नाही तर धाडस कुठे करायचं?

दिवेलागण:
उजेडाबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो. मी स्वतः भर दुपारी करड्या झाकेचा हिरवा पसंत केला होता. संध्याकाळी दिवे लावले आणि भिंत गढूळ दिसायला लागली. रंग तोच, डबा तोच. २७०० केल्विनचा दिवा पिवळसर प्रकाश देतो, ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. एकाच भिंतीची त्यात दोन रूपं दिसतात. त्यामुळे आधी दिवे पक्के करा, मग रंग.
दुसरं म्हणजे, बऱ्याच शेडकार्डांवर प्रकाश परावर्तनाचा आकडा असतो, इंग्रजी आद्याक्षरांत एलआरव्ही. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे शुभ्र. तुम्ही म्हणता तसा गडद हिरवा दहाच्या आसपास किंवा त्याखालीच असतो. म्हणजे त्या भिंतीवर पडलेला जवळपास सगळा उजेड ती गिळणार. ओटा आधीच काळा. तिथे सुरी हातात घेऊन उभं राहायचं आहे, हे विसरू नका. टेबलामागे द्यायचा तर खुशाल द्या, पण खिडकीच्या भिंतीला नको. तिच्यावरून उलटणारा उजेड तुम्हाला लागणार आहे.

घासणी:
छटेइतकाच फिनिशचाही विचार करा. गडद मॅट भिंतीवरचा तेलकट हात पुसला की तिथे चकाकता पट्टा उमटतो आणि तो जात नाही. ओट्याजवळ सॅटिनच बरं, म्हणजे मंद चमकेचं. फार चकचकीतही नको, भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. आणि घरच्यांनाही सांगा, तेलाधारित पांढरा कालांतरानं पिवळा पडतो. द्यायचाच तर अ‍ॅक्रिलिक द्या.

निळाई:
कुंचलाताई, मी पूर्ण तुमच्या बाजूनं. फिक्या रंगाचं स्वयंपाकघर म्हणजेच समंजस स्वयंपाकघर, हे कुणी ठरवलं? १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी छोटं, नेटकं स्वयंपाकघर आखलं. एकेक पाऊल वाचवायचा विचार त्यात होता, तरीही कपाटं निळी होती. निळ्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. कारण काहीही असो, रंगामुळे कामाची अडचण होते असं त्यांना वाटलं नाही.

ओटाप्रेमी:
निळाई, तिथे रंग कपाटांना होता, म्हणजे खोलीचा रंग कपाटांनीच ठरवला. मी तेच म्हणतोय. आणि गैरसमज नको, मी पांढऱ्याची बाजू घेत नाहीये. क्रीम टाइल्सशेजारी शुभ्र पांढरा दिलात तर टाइल्स मळलेल्या वाटतील. टाइलला कोरा कागद लावून बघा, तिच्यातला पिवळेपणा लगेच कळेल. फिकट शेवाळी द्या. हिरवाही मिळेल आणि लाकूडही आरडाओरडा करणार नाही.

कुंचला:
फिकट शेवाळी म्हणजे मला हिरव्याची आठवण तेवढी वाटते. तरी दोन फळ्या रंगवल्या, एक गडद, एक शेवाळी. प्रत्येकी दोन हात, कडेला पांढरी पट्टी सोडली, म्हणजे भिंतीचा जुना रंग मध्ये येणार नाही. आज गडद फळी टेबलामागे आणि शेवाळी खिडकीशेजारी उभी केलीय, उद्या अदलाबदल करेन. दिवेलागण, खिडकीच्या भिंतीबद्दल तुमचं म्हणणं बहुधा मान्य करावं लागेल. टाइल्सवरच्या पट्टीचं मात्र अजून काही ठरत नाहीये. तिथे गडद हिरवा कुणी दिला असेल तर दिव्याखाली कसा दिसतो ते सांगा.